पोरांची वेषभूषा: शिवावी, भाड्याने आणावी की विकत घ्यावी?

पोरगं त्या वेषात किती वेळ राहणार, हे आधी ठरवा. पैशाचा हिशेब नंतर. स्नेहसंमेलनात स्टेजवर दोन मिनिटं उभं राहून चार वाक्यं म्हणायची, आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे विदर्भातल्या पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत हिंडायचं, या दोन कामांना एक पोशाख पुरत नाही. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच.

भाड्याचा पोशाख दोन मिनिटांच्या कामाला उत्तम. शिवाजी महाराजांचा अंगरखा, जिरेटोप, माळ, तलवार असा सगळा संच एकदम मिळतो. पण तालुक्याला एसटीच्या दोन खेपा होतात, एक आणायची आणि एक परत द्यायची, शिवाय डिपॉझिट अडकून राहतं. खेपांचा खर्च भाड्यात मिळवा, मगच स्वस्त की महाग ते बोला. 3 जानेवारीला सावित्रीबाई आणि 12 जानेवारीला जिजाऊ सगळ्याच शाळांना हव्या असतात. उशिरा गेलात तर उरलेलं माप पदरात पडतं. दुकानातच काखेतली शिवण ताणून पाहा आणि चेन दोनदा वरखाली करा. या दोन जागा आधी जातात.

रेडीमेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाकिटावर वय लिहिलेलं असतं, छाती नाही. कापड बहुधा पातळ साटन, आत शिलाई मार्जिन जेमतेम, म्हणून पुढच्या वर्षी सैल करायलाही जागा नसते. पाठोपाठची दोन भावंडं तोच पोशाख वापरणार असतील तरच विचार करावा.

तान्ह्या पोळ्याला मात्र घरी शिवलेलाच पोशाख हवा, आणि तोही सुती. भाद्रपदातल्या उकाड्यात साटन पाठीला चिकटतं आणि काखेत काचतं. त्याहून मोठं कारण निरांजनाचं. दारोदार नंदीला आणि पोराला ओवाळतात. साटन, नेट ही कापडं पेटली की वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडही पेटतं, पण असं चिकटत नाही. म्हणून ओढणीचं टोक, लोंबती लेस असलं काही पुढच्या बाजूला नकोच.

कापड कोणतं? घरातलं जुनं सुती पातळ, म्हणजे साडी, सगळ्यात स्वस्त आणि मऊ, पण ते विरलेलं असू शकतं. उन्हात धरून पाहा, दोन्ही हातांनी ताणा. धागे सरकले तर तो भाग सोडा. बसायच्या जागेचा आणि पायाशी घासणारा भाग बहुतेक वेळा गेलेला असतो. नवं पॉपलिन कापायला आणि शिवायला सगळ्यात सोपं. ते आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) दोन मीटर कापड सहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याला पुरतं. साटन दिसतं झकास, पण कात्रीखालून सरकतं आणि कडेने सुटतं. साटनाला 11 नंबरची सुई लावा. जाड सुईने धागा ओढला जाऊन रेघ पडते. मार्जिन पाऊण इंच ठेवा. मेणबत्तीने कड भाजून घेतली तर धागे सुटत नाहीत, पण ती कड टणक होऊन टोचते, त्यामुळे मान आणि काख सोडूनच भाजा.

नऊवारीसाठी पातळ नेसवण्याच्या भानगडीत पडू नका, पोरीच्या अंगावर ते अर्ध्या तासात सुटतं. आधी सैल पायजमा शिवा. पातळाची काठाकडची बाजू कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची अधिक दोन इंच एवढी रुंद ठेवून कापा, त्याच्या निऱ्या पायजम्याच्या पुढे आणि काष्टा मागे, कंबरेच्या शिवणीत पक्का करा. दुसऱ्या काठाकडचा तुकडा पदराला होतो. कंबर 21 इंच असेल तर इलॅस्टिक 19 इंच घ्या. पुरी टीप मारण्याआधी कच्च्या टाक्यांवरच पोरीला उकिडवं बसवून पाहा. आसन (पायजम्याचा दोन पायांमधला भाग) आखूड असेल तर तिथेच उसवतं, आणि तेही भर कार्यक्रमात.

वाघ, ससा असा वेष असेल तर वर-खाली दोन भाग करा. मागे चेन असलेला अखंड पोशाख शिवायला सोपा, पण पोराला लघवीला जायचं असतं हे शिवणारा विसरतो.

मधला मार्गही आहे, आणि बऱ्याच वेळा तोच बरा: अंगावरचं घरी, डोक्यावरचं आणि हातातलं भाड्याने. जिरेटोप घरी नीट जमत नाही. तुकडोजी महाराजांची भगवी टोपी मात्र जमते. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 20-21 इंच असतो, त्यात अर्धा इंच सैल ठेवून पट्टी कापा. खंजिरी भजनी मंडळाकडून एका दिवसासाठी मागून आणावी. सोनेरी लेस गमने चिकटवू नका, घामाने सुटते, हातशिलाईने घाला.

शिवणकाम नुकतं शिकत असाल तर गाडगेबाबांपासून सुरुवात करा. त्यांच्या जयंतीला, म्हणजे 23 फेब्रुवारीला, हा वेष हमखास लागतो, आणि इथे टाका वाकडा गेला तरी शोभतो. मोठ्या माणसाचा जुना सुती सदरा घ्या, बाह्या अर्ध्या कापा, त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या जाड दोऱ्याने टाका. हातात खराटा. डोक्यावर खरं मातीचं खापर ठेवू नका, जड होतं आणि पडलं तर पायावर फुटतं. उपड्या वाडग्याला तेल लावून मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे सहा थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग काढून कावेने रंगवा. आतून सुती पट्टी शिवून ती हनुवटीखाली बांधा.