तीन दारं, दोन बॅगा आणि एक जादा घंटा

हौशी मंडळानं बसवलेला दोन अंकी फार्स. पात्रं आठ, दारं तीन, खिडकी एक, हुबेहूब सारख्या बॅगा दोन. घरमालकापासून लपवलेला पाहुणा, त्याला नेमका ओळखणारा विमा एजंट आणि दोघांच्या कचाट्यात सापडलेला भाडेकरू, एवढ्या भांडवलावर दोन तास काढायचे. पहिल्या प्रयोगात ते ओढले गेले, चौथ्यात पळाले. मध्यंतर धरून पहिला प्रयोग २ तास २४ मिनिटांचा झाला, चौथा २ तास ११ मिनिटांचा, आणि मधल्या काळात संहितेतलं एकही वाक्य कापलेलं नाही. ही १३ मिनिटं कुठे मुरली होती ते पाहिलं की या नाटकात काय जमलंय आणि काय अजून अडतंय ते कळतं.

आधी दारांविषयी, कारण मंडळाची खरी कमाई तिथे आहे. हौशी नाटकात दार आपटलं की सगळी भिंत पडद्यासारखी झुलते, आणि प्रेक्षकही ते पोटात घालतात. इथे पहिल्या अंकात मालक मधलं दार असं दाणकन आपटतो की पुढची रांग दचकते, पण भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलत नाही. कारण चौकट भिंतीला ठोकलेलीच नाही. चार बाय आठ फुटांचे प्लायचे फ्लॅट, म्हणजे भिंत म्हणून लावलेले सपाट तुकडे, वेगळे उभे आहेत. दाराची चौकट स्वतःच्या दोन टेकूंवर वेगळी उभी आहे आणि तिच्या तळाशी उंबऱ्यासारखी लोखंडी पट्टी आहे. चौकट आणि फ्लॅट यांच्यात बोटभर फट ठेवून ती चौकटीला ठोकलेल्या लाकडी पट्टीनं झाकली आहे. पट्टी फ्लॅटला खिळलेली नाही, नुसती समोर आलेली आहे. आपटल्याचा धक्का चौकटीतून टेकूत आणि टेकूवरच्या वाळूच्या गोणीत जिरतो, फ्लॅटपर्यंत पोचतच नाही. हीच पट्टी दोन्हीकडे ठोकली असती तर सगळी मेहनत वाया गेली असती, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं.

बाजूची दोन्ही दारं विंगेत उघडतात आणि त्यांच्या बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला आहेत. त्यामुळे उघडलेली फळी पात्राच्या मागे जाते आणि विंगेचा बराचसा भाग झाकते. घरच्या दारासारखी जिभेची कडी लावलेली नाही, तेही बरोबर. घाईत जीभ पट्टीवर आपटून परत येते आणि नट बंद न झालेल्या दाराशी झगडत बसतो. इथे चुंबकाची पकड आहे. मधल्या दाराची ती कमी पडायची, म्हणून पहिल्या प्रयोगात आपटलेलं दार उसळून चार बोटं उघडलं. भाडेकरूनं ते न बघता टाचेनं लोटलं आणि मोठा हशा वसूल केला. मात्र त्या हशात पाहुण्याचं खरं नाव बुडालं, आणि सगळा दुसरा अंक त्या नावावर उभा आहे. चौथ्या प्रयोगापर्यंत तिथे दोन चुंबक आणि चौकटीच्या आतल्या कडेला फोमची पट्टी आली. आता दार घट्ट बसतं. तरीही भाडेकरूची टाच जाते ती जातेच, बंद दारावर. त्यावर कुणी हसत नाही. एकदा मिळालेला हशा सोडवत नाही, हा नटांचा जुना रोग आहे आणि दिग्दर्शकानं तो वेळेवर कापायला हवा.

दारापलीकडे काय दिसतं, यावर अजून काम हवं. डाव्या दारामागे आता रंगवलेली भिंत आणि एक छोटा दिवा आहे, त्यामुळे ते खरंच स्वयंपाकघराचं वाटतं. उजव्या दारामागे नुसता काळा कपडा. जाता जाता दारात वळून वाक्य टाकायचं, ही फार्समधली हुकमी जागा. उजवीकडे एजंटाची अशी तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही वेळा त्याचा चेहरा काळोखात असतो. तोंड दिसलं नाही की विनोद निम्माच पोचतो. बाकी प्रकाशयोजना चोख: दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून, एकीकडून उबदार आणि दुसरीकडून थंड छटेचा उजेड. स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली ही पद्धत पुस्तकात मांडली आणि चेहरे स्वच्छ दिसायला हवेत अशा नाटकाला ती आजही पुरते.

या प्रकारातला दादा माणूस म्हणजे पॅरिसचा जॉर्ज फेदो (१८६२ ते १९२१). त्याच्या १९०७ सालच्या एका फार्समध्ये बटण दाबलं की पलंगच फिरून पलीकडच्या खोलीत जातो. असलं यंत्र हौशी मंडळानं करू नये. तीन दारं नीट चालली तरी पुष्कळ.

आता त्या १३ मिनिटांचा हिशोब. दोन अंकांत मिळून सुमारे ७० एन्ट्र्या आहेत. पहिल्या प्रयोगात नट शेवटचा शब्द ऐकून मग निघत होते. विंगेतून दाराशी यायचं, मूठ पकडायची, ओढायची, यात तीन-चार सेकंद जातात. ७० वेळा चार सेकंद म्हणजे साडेचार मिनिटांच्या वर, आणि तेवढा वेळ रंगमंचावर कुणीतरी नुसतं ताटकळत उभं. चौथ्या प्रयोगात पात्रं आधीच्या वाक्याच्या मध्यावर दाराशी येऊन मूठ धरून उभी होती. मध्यंतर १५ ऐवजी १८ मिनिटं लांबलं होतं, ते आवरलं. दुसऱ्या अंकातला ब्लॅकआउट, म्हणजे सामान हलवायला केलेला अंधार, दोन मिनिटांवरून ४० सेकंदांवर आला, कारण सोफा आता दोघं उचलत नाहीत, चाकांवर एकटाच ढकलतो आणि जमिनीवरच्या चमकत्या टेपच्या खुणेवर थांबवतो.

उरलेली चारेक मिनिटं हशाच्या हाताळणीत होती. पहिल्या दिवशी नट दोन टोकांना होते. काही जण हशा चालू असताना बोलायचे, प्रेक्षक पुढचं ऐकायला म्हणून गप्प व्हायचे आणि पुढच्या वेळी हसताना बिचकायचे. काही जण सभागृह पार शांत होईपर्यंत थांबायचे, की दर वेळी गाडी नव्यानं सुरू. हशा चढतो, शिगेला पोचतो आणि उतरू लागतो. उतरता असतानाच पुढचं वाक्य थोड्या वरच्या आवाजात घ्यायचं आणि त्या वाक्याच्या सुरुवातीला महत्त्वाची माहिती ठेवायची नाही. तोवर पुतळा व्हायचं नाही. करत असलेलं काम, बॅगेचा पट्टा आवळणं म्हणा किंवा चष्मा पुसणं म्हणा, चालू ठेवायचं. एजंट झालेल्या नटाला हे उपजतच येतं. तो एकदाही विनोद केल्यासारखा बोलत नाही, पॉलिसीचा हप्ता खरंच तुंबलाय अशा काळजीनं बोलतो आणि सगळ्यात जास्त हशे त्याचेच. उलट पाहुणा विनोदाच्या प्रत्येक नेमक्या वाक्याआधी भुवया उडवतो, म्हणजे प्रेक्षकांना आधीच सूचना. त्याच्या वाट्याची चांगली वाक्यं त्यामुळे पडतात.

बॅगांची चूक मात्र चौथ्या प्रयोगातही तशीच आहे. एका बॅगेत कपडे, दुसरीत चोरीची चांदीची भांडी, आणि अदलाबदल हाच दुसऱ्या अंकाचा कणा. दोन्ही बॅगा रिकाम्या आहेत. ‘काय जड आहे हो!’ म्हणत मालक भांड्यांची बॅग दोन बोटांनी उचलतो आणि खांदा नंतर वाकवतो. भांड्यांच्या बॅगेत सहा-सात किलो वाळू, पिशवीत घट्ट बांधून आणि खाली टेपनं चिकटवून ठेवली की अभिनयाची गरजच नाही. खांदा आपोआप उतरतो, पाऊल आपोआप फेंगडं पडतं. वाळू सुटी ठेवायची नाही, नाहीतर बॅग उचलताच वजन एका कोपऱ्यात घसरतं आणि मूठ उपटते. ओळखीची खूण तळाला हवी, वर लावलेला लाल ठिपका सहाव्या रांगेतून दिसतो.

थप्पड छान बसवली आहे. मारणारा प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, हात गालासमोरून वीतभर अंतर ठेवून जातो आणि टाळी थप्पड खाणाराच छातीजवळ वाजवतो, मारणाऱ्याच्या आडून. फक्त अगदी डावीकडच्या खुर्च्यांना ती टाळी दिसते. मारणाऱ्यानं अर्धं पाऊल डावीकडे सरकावं. दुसऱ्या अंकातल्या मारामारीसाठी एकाच मुठीला जोडलेल्या दोन चपट्या लाकडी पट्ट्या वापरल्या आहेत. हलकेच लागलं तरी पट्ट्या एकमेकींवर आपटून फटाक्यासारखा आवाज होतो. सोळाव्या शतकापासूनच्या इटलीतल्या मुखवट्यांच्या नाटकांतलं हे हत्यार, इंग्रजीतला ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द यावरूनच आला.

ध्वनीची बाजू सर्वांत कच्ची. टेलिफोन टेबलावर आणि घंटा सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरून. पहिल्या प्रयोगात रिसीव्हर कानाला लागल्यावर एक जादा घंटा वाजली आणि नाटकातला सर्वांत मोठा हशा ती घेऊन गेली, मोफत. टेबलाखाली छोटा स्पीकर ठेवावा, ऑपरेटरनं संहितेकडे न बघता नटाच्या हाताकडे बघावं, आणि नटानं घंटा चालू असताना नव्हे तर दोन घंटांच्या मधल्या शांततेत रिसीव्हर उचलावा. मग चूक झाली तरी झाकली जाते.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला सात-सात फुटांवर चार चपटे माइक होते. बोलणारा माइकपासून सहा फुटांवर असेल तर दोन माइकमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे १८ फुटांचं अंतर हवं. नाहीतर एकच आवाज दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे पोचतो आणि डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. चौथ्या प्रयोगात मधले दोन बंद ठेवले होते, फरक लगेच कळला. धावपळीचे दणके मात्र अजून सगळे माइकमध्ये येतात. माइकखाली जाड फोम घालून आणि ध्वनीच्या मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला आवाज कापून ते बरेच कमी होतील.

वेशभूषा साजेशी, पार्श्वसंगीत बेताचं, प्रॉम्प्टर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येणारा.

बघायला जाणार असाल तर पाचव्या ते आठव्या रांगेत, मध्यापासून थोडं उजवीकडे बसा. तिथून तिन्ही दारं दिसतात, थप्पड खरी वाटते आणि एजंट उजव्या दारात वळतो तेव्हा निदान त्याचा आवाज तरी नीट येतो.