दाराखालचा अलार्म: लॉजवर कितपत कामाचा?

जळगाव-भुसावळला स्टेशनजवळच्या लॉजवर एकटीने उतरायचं तर कडीच्या जोडीला दाराखाली सारायची ही अलार्मवाली रबरी पाचर असावीच. कोणी दार ढकललं की पाचरीवरची पट्टी दबते, भोंगा वाजतो आणि दारही अडतं. मात्र दार आत उघडणारं हवं. बाहेर उघडणाऱ्याला उपयोग शून्य. खालची फट पाचरीच्या जाड टोकापेक्षा मोठी असेल तर पट्टी दबतच नाही. खरी गोची फरशीची. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीवर रबर सरकतं, म्हणून दारामागची फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, मगच पाचर पायाने घट्ट सारा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बहुतेकदा वेगळी घ्यावी लागते. सकाळी बटण बंद न करता दार ओढलंत तर अख्खा मजला जागा! रात्री वाजला तर दार न उघडता ११२ लावा.