ॲल्युमिनियमच्या टीएलसी प्लेट्स (सिलिका जेल ६० एफ २५४): वनस्पतींच्या एक्स्ट्रॅक्टसाठी वापरून बघितल्यावर

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, पातळ थरावरून सॉल्व्हंट वर चढवून मिश्रणातली संयुगं वेगळी करायची पद्धत. गेली काही वर्षं मी वनस्पतींचे एक्स्ट्रॅक्ट (अर्क) बघायला याच रेडिमेड प्लेट्स वापरतेय, २० बाय २० सेंटीमीटरच्या शीट्स, मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि वर ०.२ मिलिमीटरचा सिलिकाचा थर. त्याआधी काचेवर हाताने थर दिलेल्या प्लेट्सवर शिकले, ‘जी’ प्रकारचं (जिप्सम मिसळलेलं) सिलिका जेल पाण्यात कालवायचं, जिप्सम घट्ट व्हायच्या आत पटकन पसरवायचं, वाळवायचं, मग ओव्हनमध्ये. त्या प्लेट्सनी हाताला शिस्त लावली हे खरं, पण सोमवारची प्लेट आणि गुरुवारची प्लेट शेजारी ठेवली की तोच स्पॉट वेगळ्याच उंचीवर दिसायचा आणि फरक झाडात आहे की माझ्या थरात हेच कळायचं नाही. रेडिमेड प्लेटचे पैसे मी या एका गोष्टीसाठी मोजते. थर एकसारखा असतो, त्यामुळे शंका घ्यायची तर एक्स्ट्रॅक्टवर घेता येते.

नावातल्या आकड्यांचा अर्थ आधी सांगते कारण नवीन मुलं नेहमी विचारतात. ६० म्हणजे सिलिकाच्या छिद्रांचा आकार, ६० अँगस्ट्रॉम. एफ म्हणजे थरात मिसळलेली चमकणारी पावडर आणि २५४ म्हणजे ती २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली हिरवी चमकते. एखादं संयुग तो यूव्ही शोषून घेत असेल तर त्याच्याखालच्या पावडरीपर्यंत प्रकाश पोचतच नाही आणि हिरव्यावर काळा डाग दिसतो, म्हणजे आपण बघतो ती संयुगाची सावली. प्लेटला हात न लावता, काही न फवारता, एवढं दिसतं.

पहिल्यांदा ज्याला टीएलसी दाखवायचीय त्याला मी पानाचा रसच दाखवते. ताजं हिरवं पान थोड्या ॲसिटोनमध्ये खलायचं, गाळायचं, तळापासून एक सेंटीमीटरवर पेन्सिलने हलकी रेघ मारायची (पेनने नाही, शाई सॉल्व्हंटबरोबर वर पळते) आणि बारीक कॅपिलरीने स्पॉट मारायचा, वाळू द्यायचा, परत त्यावरच मारायचा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. सॉल्व्हंट म्हणून हेक्झेन आणि ॲसिटोन ७:३, टँकला (सॉल्व्हंटच्या भांड्याला) आतून फिल्टर पेपर लावून झाकण घालून वीसेक मिनिटं तशीच ठेवायची आणि मग प्लेट आत. आणि मग नुसतं बघत बसायचं, मी अजूनही बघत बसते. एकच हिरवा ठिपका हळूहळू फुटत जातो, सगळ्यात पुढे पिवळाधमक कॅरोटीन पळतो, त्याच्या मागे राखाडी फिओफायटिन, मग निळसर हिरवा क्लोरोफिल ए, त्याखाली पिवळट हिरवा क्लोरोफिल बी आणि अगदी मागे रेंगाळणारे झँथोफिलचे पिवळे. ए आणि बी मधला फरक एवढाच की बी मध्ये एका मिथाइलच्या जागी अल्डिहाइड आहे, ते सिलिकाला जास्त धरून बसतं म्हणून बी मागे राहतो. एवढासा फरक डोळ्यांना दिसतो!

तीच प्लेट ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली धरा. क्लोरोफिलचे ठिपके लालभडक पेटतात, फिओफायटिनसुद्धा लाल, आणि साध्या उजेडात सगळ्यात ठसठशीत दिसणारा कॅरोटीन मात्र तिथे काळपट पडतो, कारण तो चमकतच नाही. म्हणून एकाच दिव्याखाली बघून प्लेट बाजूला ठेवायची नाही, आधी साधा उजेड, मग २५४, मग ३६५, प्रत्येक वेळी फोटो, आणि रंग आणणाऱ्या रसायनाचा फवारा सगळ्यात शेवटी. फोटो लगेच काढायचे, कॅरोटीन हवेत आणि उजेडात काही तासांत फिका पडतो. राखाडी ठिपका फार मोठा दिसला तर पानाला नावं ठेवायच्या आधी स्वतःचं काम तपासायचं, सिलिका थोडी आम्लधर्मी असते आणि स्पॉट मारून प्लेट तशीच पडून राहिली की क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि प्लेटवरच फिओफायटिन तयार होतं.

आता फवाऱ्याचं, कारण या प्लेटची खरी परीक्षा तिथे होते. पुदिन्याच्या तेलातला मेंथॉल २५४ खाली दिसत नाही, ३६५ खालीही नाही, त्याच्यात प्रकाश शोषणारं काही नाहीच. टोल्युइन आणि एथिल ॲसिटेट ९३:७ मध्ये प्लेट चालवली, वाळवली, ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक ॲसिड फवारलं आणि १०५ अंशांवर ठेवली की पाचेक मिनिटांत कोऱ्या जागेतून निळा-जांभळा ठिपका वर येतो. अल्कलॉइडला ड्रॅगेनडॉर्फ (त्यांच्यासाठीचं फवारायचं द्रावण) मारला की नारिंगी. अँथ्राक्विनोनला नुसतं अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरतं, लाल होतात. दारुहळदीच्या बर्बेरिनला तर फवाराही लागत नाही, ३६५ खाली तो स्वतःच पिवळा झगझगतो. त्याला मी ब्युटेनॉल, असिटिक ॲसिड आणि पाणी वापरते, ते मिश्रण फार सावकाश चढतं, दीड-दोन तास धरून चाला.

इथेच पहिली तक्रार. सल्फ्युरिकचा फवारा आणि ॲल्युमिनियम यांचं फारसं जमत नाही. जास्त भिजवलं तर पत्र्यावर डाग पडतात, तापवताना शीट वाकते आणि वाकलेल्या भागाला उष्णता नीट पोचत नाही, मग एकाच प्लेटवर डावीकडे गडद रंग आणि उजवीकडे फिका. फवारा अगदी हलका मारायचा. ज्यांचं रोजचं कामच आम्लाचे फवारे मारून खूप तापवण्याचं आहे त्यांनी सरळ काचेच्या प्लेट्स घ्याव्यात, थरही थोडा जाड मिळतो, ०.२५ मिलिमीटर. आणखी एक, साध्या एफ २५४ मधली हिरवी चमक आम्लाने मंदावते, त्यामुळे सॉल्व्हंटमध्ये असिटिक किंवा फॉर्मिक ॲसिड असेल तर प्लेट पूर्ण वाळल्याशिवाय यूव्हीखाली बघू नका, अर्धवट ओल्या प्लेटवर सगळंच काळपट दिसतं.

दुसरी तक्रार काठांची. शीट कात्रीने कापता येते हा मोठा फायदा, हव्या त्या मापाची पट्टी मिळते, पण कात्री बोथट असेल तर काठावरचा सिलिका भुरभुर सुटतो आणि तिथे सॉल्व्हंट वेडावाकडा चढतो, कडेची लेन (एका स्पॉटची वर जाणारी उभी वाट) वर किंवा खाली ओढली जाते. मी पाठीमागून पट्टीने रेघ मारते, धारदार कटर घेते आणि कडेपासून एक सेंटीमीटर आत पहिला स्पॉट मारते. एका पाकिटात कोपरा दबून आलेल्या शीट्स निघाल्या, तीन-चार शीट्सची एक बाजू टाकावी लागली, पाठवणाऱ्याला फोटोसकट लिहिलं तर उत्तरच आलं नाही. तेव्हापासून पाकीट आलं की त्याच दिवशी उघडून बघते.

तिसरी गोष्ट प्लेटची चूक म्हणता येणार नाही पण सांगायलाच हवी. सिलिका हवेतलं सगळं ओढून घेते, पाणी तर घेतेच पण शेजारच्या बाटल्यांच्या वाफाही घेते. नवी प्लेट चालवून, फवारून तापवली की अगदी वर सॉल्व्हंटच्या कडेला एक तपकिरी पट्टा दिसतो, तो तुमच्या झाडातला नाही, प्लेटवरची घाण सॉल्व्हंटने ढकलत वर नेलेली असते. महत्त्वाच्या कामाआधी मी कोरी प्लेट मिथेनॉलमध्ये एकदा वरपर्यंत चालवून घेते, ११० अंशांवर अर्धा तास ठेवते आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करते. दमट दिवसांत हे टाळलं तर सगळे स्पॉट नेहमीपेक्षा वर जातात आणि आरएफचे (सॉल्व्हंटच्या तुलनेत स्पॉट किती वर चढला त्याचे) जुने आकडे जुळत नाहीत.

एकदा मात्र माझे दोन दिवस एका ठिपक्यामागे गेले. सगळ्या एक्स्ट्रॅक्टमध्ये वरच्या बाजूला तोच काळा ठिपका, २५४ खाली अगदी स्पष्ट, मला वाटलं या जातीत काहीतरी समान सापडलं. मग फक्त सॉल्व्हंटची लेन चालवली, तर तिथेही तोच! प्लास्टिकच्या नळ्यांत ठेवलेल्या सॉल्व्हंटमध्ये प्लास्टिकमधलं काहीतरी उतरलं होतं, काचेच्या बाटल्या घेतल्या आणि ठिपका गायब. कोऱ्या सॉल्व्हंटची एक लेन आणि ओळखीच्या स्टँडर्डची (आधीच माहीत असलेल्या शुद्ध संयुगाची) एक लेन, या दोन लेनशिवाय मी आता प्लेट टँकमध्ये सोडत नाही. आरएफ जुळला म्हणजे तेच संयुग असं नसतं, शेजारी स्टँडर्ड हवा, आणि तिसऱ्या लेनमध्ये एक्स्ट्रॅक्ट आणि स्टँडर्ड एकावर एक मारून बघायचं, स्पॉट फुटला तर दोन वेगळी संयुगं आहेत. नाही फुटला तरी दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये परत बघायचं.

या पद्धतीचा जन्मच वनस्पतींच्या औषधी अर्कांसाठी झालाय हे मला फार आवडतं. १९३८ साली खारकिव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी काचपट्टीवर ॲल्युमिनाचा थर देऊन त्यावर अर्काचा थेंब सोडला आणि गोल गोल कडी वेगळी होताना बघितली. पुढे १९५०च्या दशकात एगॉन श्टालने सिलिका, थराची जाडी, उपकरणं सगळं ठरवून दिलं म्हणून आज पाकीट उघडून लगेच काम करता येतं.

पाचपैकी चार स्टार. रोजचं चाळणं, कॉलममधून वेगळ्या केलेल्या फ्रॅक्शन (अर्काचे भाग) तपासणं, विद्यार्थ्यांना शिकवणं, यासाठी डोळे झाकून घ्या. किती टक्के आहे हे विचारायचं असेल तर ही प्लेट नको, आणि दोन प्रयोगशाळांमध्ये फिंगरप्रिंट (अर्काच्या ठिपक्यांचा ठरावीक नमुना) जुळवायचा असेल तर एचपीटीएलसीच्या (जास्त बारकाईच्या टीएलसीच्या) प्लेट्स घ्या, त्यात कण ५-६ मायक्रोमीटरचे असतात, पट्टे बारीक येतात आणि दमटपणाही ३३ टक्क्यांवर बांधून घेतात, मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर प्लेट ठेवली की तेवढा मिळतो. हे द्रावण मी साध्या प्लेट्सनाही वापरून बघितलं, आरएफ बराच स्थिर झाला, तेव्हा वेगळ्या प्लेट्स मागवायच्या आधी एवढं करून बघा.