‘०.३ मायक्रॉन’ छापलेला डस्ट कलेक्टर घेण्याआधी हे वाचा

घरी सुतारकाम करत असाल आणि डस्ट कलेक्टर, म्हणजे लाकडाची धूळ ओढून घेणारं यंत्र, घ्यायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचाच. मला ज्या पद्धतीने फसवलं गेलं, ती एका विक्रेत्यापुरती मर्यादित नाही. तेच शब्द, तेच प्रात्यक्षिक आणि तसलाच कागद पुढे करून अशी यंत्रं आजही विकली जातायत.

आधी धुळीबद्दल, कारण सगळी लबाडी तिथेच दडलेली असते. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा डोळ्यांना दिसतो, खाली पडतो, झाडूने गोळा होतो. खरा धोका सँडरखालून, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राखालून, उडणाऱ्या भुकटीचा. तिच्यातले १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बरेच बारीक कण तासन्‌तास हवेत राहतात, आणि त्यांतलेही सगळ्यात बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणजे खोली स्वच्छ दिसावी म्हणून हे यंत्र कुणी घेत नाही.

माझी कामाची खोली घराला लागून आहे आणि पलीकडच्या खोलीत वडील झोपतात. त्यांना दमा आहे. म्हणून मी विक्रेत्याला लेखी विचारलं होतं : २.५ मायक्रॉनची धूळ अडेल का? उत्तर आलं, ‘शंभर टक्के. हेपा फिल्टर आहे, ०.३ मायक्रॉनपर्यंत पकडतो. एमडीएफचा वाससुद्धा येणार नाही.’ हेपा म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर, आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून, दाबून केलेली फळी.

प्रात्यक्षिक तर झकास झालं. जमिनीवर ढलप्यांचा ढीग ओतला, होजचं, म्हणजे ओढनळीचं, तोंड जवळ नेलं आणि ढीग बघता बघता गायब. खालच्या पारदर्शक पिशवीत भुसा गरगर फिरताना दिसला. बघणाऱ्याची खात्रीच पटते. पण या खेळातून बारीक धुळीबद्दल काहीही कळत नाही. ढलप्या कुठलाही पंखा ओढतो. त्या पिशवीत पडल्यावर सोबतची भुकटी फिल्टरमध्ये अडली की पलीकडून खोलीत परत आली, हे डोळ्यांनी दिसूच शकत नाही.

ती परतच येत होती. घरी यंत्र लागल्यावर पिशवी भरायची, फरशी चकचकीत दिसायची, पण काम संपल्यावर खोलीतल्या वरच्या फळ्यांवर पिठासारखा पातळ थर बसायचा आणि वडिलांचा रात्रीचा खोकला वाढला. मी हवेतली धूळ मोजणारा कणमापक आणला. स्वस्तातल्या लेझर मापकाचा आकडा अगदी अचूक नसतो, पण धूळ वाढतेय की घटतेय हे तो नीट सांगतो. खोली बंद, सकाळपासून काम नाही, आकडा स्थिर. लाकडाला हात न लावता फक्त डस्ट कलेक्टर सुरू केला. फिल्टर खरा असता तर आकडा खाली यायला हवा होता. तो चढत गेला, काही मिनिटांत कित्येक पट. पिशवीत आधीच साठलेली भुकटी यंत्र हवेत फवारत होतं. दिवे मालवून फिल्टरच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकला, तर खालच्या कडेतून धूर निघावा तशी धूळ बाहेर पडताना स्पष्ट दिसली.

मग फिल्टर उतरवला. बाहेरून ऐटदार, सोनेरी जाळी वगैरे. आत कागदाच्या घड्या होत्या, तळाशी त्या टोपणात नीट चिकटवलेल्याच नव्हत्या. एके ठिकाणी डिंक पोचलाच नव्हता आणि करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. फिल्टर जिथे यंत्रावर बसतो तिथे रबराची गोल पट्टी हवी, तिथे पातळ स्पंजचा तुकडा होता आणि त्याची दोन टोकं एकमेकांना भिडत नव्हती. फटीच्या बरोबर समोर, स्वच्छ बाजूला, धुळीची रेघ उमटलेली होती. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. कागद कितीही चांगला असो, फट असली की सगळं फुकट.

आता त्या ‘०.३ मायक्रॉन’बद्दल. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. साध्या कापडातही ०.३ मायक्रॉनचे थोडेफार कण अडकतात, त्यामुळे ‘०.३ मायक्रॉनपर्यंत पकडतो’ हे वाक्य कुणीही निर्धास्तपणे छापू शकतो. विचारायचं ते टक्के. अमेरिकेत रुळलेल्या व्याख्येप्रमाणे हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. युरोपातल्या ईएन १८२२ मानकात एच१३ या हेपा दर्जासाठी ९९.९५ टक्के, तेही अडवायला सगळ्यात कठीण असलेल्या आकाराच्या कणांसाठी. कुणी ‘आमचा तर ०.१ मायक्रॉनसुद्धा पकडतो’ म्हणाला तर भुलू नका. त्याहून बारीक कण हवेत वेडेवाकडे हलत राहतात आणि तंतूंवर आदळून उलट सहज अडकतात. कस लागतो तो साधारण ०.१ ते ०.३ च्या दरम्यान.

मी प्रमाणपत्र मागितलं तेव्हा एक चाचणी अहवाल आला. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. नीट वाचल्यावर कळलं की चाचणी फिल्टरच्या कागदाच्या एका सपाट तुकड्याची होती, आणि वर मॉडेलचा क्रमांकही दुसराच. खऱ्या एच१३ फिल्टरची त्या मानकाप्रमाणे एकेक करून गळती तपासली जाते. तुमच्या हातात येणाऱ्या फिल्टरवर त्याचा स्वतःचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचा निकाल असायला हवा. कागदाच्या तुकड्याचा अहवाल दाखवून अख्खा फिल्टर विकणं ही सरळ सरळ लबाडी आहे.

मोटरचंही तेच. खोक्यावर २ एचपी, मोटरच्या पट्टीवर मात्र ७५० वॅट इनपुट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. त्यामुळे ७५० वॅट खाणारी मोटर २ एचपी देणं शक्यच नाही. हवेच्या प्रवाहाचा मोठा आकडासुद्धा बहुतेकदा होज आणि फिल्टर न जोडता, उघड्या तोंडाशी मोजलेला असतो. वळ्यावळ्यांची लांब होज आणि धुळीने माखलेला फिल्टर लागला की तो प्रवाह निम्म्यावरही येऊ शकतो. आणि वासाचं आश्वासन तर निव्वळ थाप. एमडीएफमधला फॉर्माल्डिहाइड हा वायू आहे. कण अडवणारा फिल्टर तो अडवत नाही.

पैसे परत मागितल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. आधी ‘तुमचा मापक चुकीचा’, मग ‘फिल्टर नवा असताना थोडं सुटतंच’. हे दुसरं अर्धसत्य आहे म्हणून जास्त फसवं. कापडी पिशवीवर धुळीचा थर बसला की ती अधिक बारीक कण अडवते हे खरं, पण टोपणातली फट त्याने बुजत नाही. शेवटी ‘वॉरंटी मोटरची, फिल्टर झिजणारा भाग’ म्हणून हात वर केले. माझ्याजवळ लेखी प्रश्न, त्याचं लेखी उत्तर, फटीचे फोटो आणि मापकाचा व्हिडिओ होता. ते सगळं जोडून ग्राहक तक्रार टाकल्यावर फिल्टरचे पैसे परत आले, यंत्राचे नाहीत. तोंडी विचारलं असतं तर तेही मिळाले नसते, म्हणून प्रश्न लेखीच विचारा, आणि टक्क्यांसकट.

सध्या मी त्याच यंत्राचा फिल्टर काढून हवा थेट घराबाहेर सोडतो. त्यासाठी बाहेरची हवा आत यायला वाट ठेवावी लागते, आणि घरात धुराड्याची शेगडी किंवा गॅस गीझर असेल तर हा मार्ग नको, धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. सँडरला वेगळा व्हॅक्यूम जोडतो. धूळ जिथे उडते तिथेच ओढणं महत्त्वाचं, कारण खोलीतला हवा शुद्ध करणारा पंखा तिच्यापर्यंत पोचतो तोवर ती आपल्या नाकात गेलेली असते. तरीही तो उपयोगी आहे. ४ बाय ३ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला आठ वेळा हवा फिरवायची तर ताशी २६० घनमीटर शुद्ध हवा देणारा पंखा लागतो. एन९५ मास्क काम थांबल्यावरही मी लगेच काढत नाही, मापकाचा आकडा उतरेपर्यंत ठेवतो.

माझ्याकडचं यंत्र आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगात विकायला आलंय. ओळखायची खूण सांगतो : सोनेरी जाळीचा उभा फिल्टर, खाली काळं प्लास्टिकचं टोपण, बसायच्या जागी रबराऐवजी करडा स्पंज, आणि फिल्टरवर कुठेही क्रमांक नाही. विकत घेण्याआधी फिल्टर उतरवून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.