इंग्रजी शब्दप्रयोगाचे वाद: गार्नर घ्यावा की मेरियम-वेबस्टर?

दुकानातल्या पाटीवरचं 'टेन आयटम्स ऑर लेस' (दहा किंवा कमी वस्तू) चूक, मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'लेस' नको, 'फ्यूअर'च हवं, असं कुणी ठासून सांगितलं, तर आधी विचारावं: हा नियम आला कुठून? हा प्रश्न ज्याला पडतो त्याने मेरियम-वेबस्टरचा शब्दप्रयोगकोश (१९८९) घ्यावा. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' वापरण्याची रीत थेट इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या काळापासूनची, हजार वर्षांहून जुनी. 'फ्यूअर'चा आग्रह दिसतो तो रॉबर्ट बेकर यांच्या इंग्रजी भाषेवरच्या १७७० च्या पुस्तकात, आणि तिथेही त्यांनी तो स्वतःची पसंती म्हणून मांडला होता. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. हा कोश एकेका नियमाचा असा माग काढतो आणि नामवंत लेखकांची वाक्यं पुराव्याला ठेवतो. वाद सोडवायला याहून भरवशाचा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही.

मात्र 'मग मी लिहू काय?' याचं झटपट उत्तर तो नेहमी देईलच असं नाही. तिथे अमेरिकन कोशकार ब्रायन गार्नर यांचा शब्दप्रयोगकोश उपयोगी पडतो. वादग्रस्त प्रयोग कितपत रुळला आहे, हे ते २००९ च्या आवृत्तीपासून पाच टप्प्यांत सांगतात: पहिला टप्पा म्हणजे सरळ चूक, पाचवा म्हणजे सर्वमान्य. २०१६ पासून दोन पर्यायांपैकी कोणता किती पट जास्त छापला जातो, याची गूगलच्या पुस्तकसंग्रहातून काढलेली प्रमाणंही देतात. त्यांचा कल जुन्या शिस्तीकडे आहे आणि काही ठिकाणी तो मला जाचतो, पण ते तो लपवत नाहीत. ताजी आवृत्ती २०२२ ची, म्हणजे इथे ते वेबस्टरच्या बरेच पुढे. दुसऱ्याचं लेखन तपासणाऱ्या संपादकाने आधी गार्नरच घ्यावेत.

इंग्रजी मातृभाषा नसेल आणि अडचण 'सिन्स' की 'फॉर' अशी असेल, तर या दोन्हींच्या आधी मायकेल स्वान यांचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' हे पुस्तक. ते शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे.

जुन्या इंग्रजी शब्दप्रयोगकोशाचे कर्ते एच. डब्ल्यू. फाउलर यांचं नाव वादात हमखास निघतं. 'दॅट' आणि 'विच' यांची कामं वेगळी असावीत, असं त्यांनी १९२६ च्या आपल्या कोशात सुचवलं खरं. पण बहुतेक लेखक तसं लिहीत नाहीत, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं. ते वाक्य वादात कुणी उद्धृत करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फाउलर वाचायचे तर मूळ १९२६ चेच वाचा. आजच्या वापरासाठी २०१५ ची सुधारित आवृत्ती बघा, तिच्यात लेखणी संपादक जेरेमी बटरफील्ड यांची आहे.