'प्रेशर टेस्ट केलेला' इंटरकूलर कोअर घेतला आणि इंजिन थोडक्यात वाचलं

टर्बो गाडीला घरीच पाण्यावर चालणारा इंटरकूलर बनवायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे जरूर वाचा, माझे पैसे तर गेलेच पण इंजिन जाता जाता राहिलंय.

टर्बो हवा दाबतो तशी ती तापते, 1 बार बूस्टला (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब) तर शंभर डिग्रीच्या वर सहज जाते. ती इंजिनात जायच्या आधी थंड करायला मी कोअर (ज्यात हवा आणि पाणी न मिसळता शेजारून जातात तो भाग), छोटा इलेक्ट्रिक पंप, पुढे एक वेगळा रेडिएटर आणि पाण्याची टाकी असं सगळं इंजिनच्या कूलंटपासून स्वतंत्र सर्किट ठरवलं होतं. बाकीचं मी जमवलं पण कोअर आणि पंप एका माणसाकडून घेतले, ओळखीतूनच नाव कळलं होतं. तो म्हणाला कोअर नवीन आहे, पूर्ण अ‍ॅल्युमिनियम, सगळे सांधे आर्गन वेल्डिंगचे, 2 बारला टेस्ट केलेला. टेस्ट माझ्यासमोर करून दाखवली म्हणून मी तिथेच पूर्ण पैसे दिले.

आता ती टेस्ट कशी केली ते नीट ऐका, सगळी फसवणूक त्यातच होती. पाण्याच्या बाजूला गेज लावलं, आणि हवेच्या बाजूची दोन्ही तोंडंसुद्धा बूच मारून बंद केली. हवेचा पंप मारला की सुई थोडी खाली यायची, तो म्हणायचा होज फुगतोय, परत पंप मारायचा. तिसऱ्या वेळेला सुई थांबली ती हललीच नाही. मला वाटलं पास. खरं म्हणजे पाण्याच्या बाजूची हवा आतल्या भेगेतून हवेच्या बाजूला जात होती, आणि ती बाजू बंद असल्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखा झाला की सुई थांबणारच ना! बाहेर गळती नाही एवढंच त्यातून कळतं, आणि या कामात जीवघेणी असते ती आतली गळती.

बसवल्यावर पहिले काही दिवस टाकीतली पातळी कमी होत होती. नवीन सर्किट आहे, अडकलेली हवा निघत असेल म्हणून मी दोनदा पाणी भरलं. खाली जमिनीवर एक थेंब नाही. मग बूस्टवर टाकीत बुडबुडे दिसायला लागले तेव्हा मला शंका आली, कारण बूस्टचा दाब पाण्यापेक्षा जास्त म्हणजे हवा पाण्यात घुसतेय, आणि गाडी बंद केली की उलटं, टाकी कोअरच्या वर असल्यामुळे पाणी हवेच्या बाजूला उतरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी न फिरवता आधी कोअरनंतरचा खालचा होज काढला तर वाटीभर पाणी बाहेर आलं. हात थरथरत होते माझे अक्षरशः. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, कॉम्प्रेशन 9:1 (म्हणजे पिस्टन वर येताना जागा नवव्या हिश्श्यावर येते) धरलं तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर जेमतेम 62-63 मिली जागा उरते, आणि पाणी दाबलं जात नाही. त्याच्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा.

कोअर काढून थिनरने काळा रंग पुसला. खाली नळ्या जिथे प्लेटला मिळतात तिथे राखाडी पुट्टी! अ‍ॅल्युमिनियम तापून वाढतं, पुट्टी त्याच्याबरोबर तेवढीच वाढत नाही, सांधा उघडतो. आत फडकं फिरवलं तर जुन्या तेलाचा काळा गाळ आला, म्हणजे कुठल्यातरी गाडीचा फेकलेला ऑइल कूलर होता तो. तेल मुरलेल्या अ‍ॅल्युमिनियमला चांगलं वेल्डिंग धरत नाही, म्हणून तर पुट्टी लावली असणार. पंपही त्याच्याकडचाच, मिनिटाला 20 लिटर सांगितलेला. आखूड होज लावून थेट 10 लिटरच्या बादलीत सोडला, भरलेल्या बॅटरीवर, अर्ध्या मिनिटात भरायला हवी होती ती बादली, दोन मिनिटं लागली.

फोन केला तर म्हणाला तुम्ही बूस्ट जास्त ठेवला असेल, मग म्हणाला बसवताना ताण आला, आणि नंतर फोन उचलणंच बंद. पैसे आले नाहीत. राग पैशाचा नाहीये एवढा, त्याला माहीत होतं की हे पाणी कुठे जाणार आहे आणि तरी त्याने विकलं, हे मला अजून सहन होत नाही.

त्यामुळे कोअर घेताना टेस्ट एका बाजूला दाब देऊन आणि दुसरी बाजू पूर्ण उघडी ठेवूनच करायला लावा, कोअर पाण्यात बुडवून, मग बाजू बदलून परत. शक्यतो गरम पाण्यात, कारण थंड असताना पुट्टी धरून ठेवते. निदान अर्धा तास सुई बघा. रंग दिलेला असेल तर सांध्यावर ब्लेडने खरवडून बघू दे म्हणा, नको म्हणाला तर घेऊ नका. चुंबक चिकटत नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियम असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तांब्या-पितळेलाही चुंबक चिकटत नाही.

आणि ज्यांनी असा कोअर आधीच बसवलाय, टाकी कमी होतेय आणि खाली थेंब नाही, त्यांनी उद्या सकाळी स्टार्टर मारायच्या आधी खालचा होज काढून बघा.