पृथ्वीगोल: शाळेसाठी घेतला, पैसे वसूल

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेसाठी आठ इंची पृथ्वीगोल ऑनलाइन मागवला. 650 रुपये पडले. दोन महिने वापरून लिहितोय.

आधी कोनमापक लावून पाहिला: आस खरोखर 23.5 अंश कललेला आहे. माझ्यासाठी हेच महत्त्वाचं. खिडक्यांना पोती लावून वर्गात अंधार केला, मधे बल्ब ठेवला, विदर्भावर लाल टिकली चिकटवली. गोल फिरवला की टिकली उजेडात येते, पुन्हा सावलीत जाते. दिवसरात्र पोट्ट्यांना लगेच समजली.

मग आस फळ्याच्याच दिशेला ठेवून गोल बल्बाभोवती नेला. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं सगळ्यांचंच मत. मी सांगितलं, जानेवारीच्या सुरुवातीला अंतर साधारण 14.7 कोटी किलोमीटर असतं, जुलैत 15.2 कोटी. पाचवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "म्हंजे सर, आपन तूर सोंगतो तवा सूर्य जवळ असते?" हो बेटा, तेव्हाच. थंडी पडते ती किरणं तिरपी येतात आणि दिवस लहान असतो म्हणून. तिनं टिकलीवरचा तिरपा उजेड बोटानं दाखवला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

तक्रार आहेच. स्टँडचा स्क्रू पहिल्याच आठवड्यात ढिला झाला, वायसर घालावा लागला. नावं फक्त इंग्रजीत, तीही बारीक. लहान वर्गांना वाचता येत नाहीत. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तरी दुसऱ्या शाळेसाठी हाच घेईन, वायसर सोबत ठेवून.